तीन मिलिमीटरची नळी आणि तीनशे किलोमीटरचे अंतर

कर्करोगाने पित्तनलिका दाबली गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक प्रश्न विचारला जातो: स्टेंट प्लास्टिकचा टाकायचा की धातूचा? उत्तर देण्यासाठी त्यांच्या हाती काही मिनिटे असतात, आणि समोर ठेवलेला फरक बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे किमतीचा. प्लास्टिकची नळी काही हजार रुपयांत मिळते. धातूच्या जाळीला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. साहजिकच हा प्रश्न ऐपतीचा आहे, असा सर्वांचा समज होतो.

प्रत्यक्षात तो काही अंशी भौतिकशास्त्राचा, काही अंशी जीवशास्त्राचा आणि आपल्या देशात तर मोठ्या अंशी भूगोलाचा प्रश्न आहे. पहिल्या दोन अंगांचा जगभर उत्तम अभ्यास झाला आहे. तिसऱ्याची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

अडथळा म्हणजे नेमके काय

यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते आणि ते पित्तनलिकेवाटे आतड्यात उतरते. स्वादुपिंडाच्या शीर्षभागाचा, पित्ताशयाचा किंवा खुद्द पित्तनलिकेचा कर्करोग ही वाट बंद करतो. मग पित्तरंजक रक्तात साचतात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, मल फिकट पडतो आणि अंगाला अशी खाज सुटते की रात्र रात्र झोप लागत नाही. साचलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांत जिवावर बेतू शकते. शिवाय बिलिरुबिन वाढलेले असताना अनेक केमोथेरपी औषधे देताच येत नाहीत. म्हणजे पित्ताची वाट मोकळी करणे हे स्वतः कर्करोगावरचे उपचार नव्हेत. परंतु त्याखेरीज पुढचे उपचार सुरूही होत नाहीत.

भारतासाठी हा विषय दुर्मीळ रोगांच्या यादीतला नाही. पित्ताशयाचा कर्करोग जगात अनेक ठिकाणी क्वचित आढळतो. पण गंगेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर प्रदेश, बिहार व पश्चिम बंगालमध्ये, आणि पुढे आसामात तो ठळकपणे दिसतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे. आसामातील कामरूपची कर्करोग नोंदणी या बाबतीत देशात अग्रस्थानी राहिली आहे. दक्षिण भारतात मात्र प्रमाण बरेच कमी आहे. यातील पुष्कळ रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतात तेच कावीळ झाल्यावर, आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ बहुधा टळून गेलेली असते. अशा वेळी स्टेंट हाच मुख्य आधार उरतो.

नळीचा छोटासा इतिहास

‘स्टेंट’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील इंग्रज दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांच्या आडनावावरून आला. दातांचे ठसे घेण्याचे एक मिश्रण त्यांनी तयार केले होते. पुढे शरीरातील एखादी वाट उघडी धरणाऱ्या कोणत्याही आधाराला हेच नाव पडले. दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेत प्लास्टिकची नळी बसवण्याचे तंत्र निब सोहेंद्रा यांनी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केले. त्यापूर्वी अशा रुग्णांपुढे पोट उघडून पित्ताला बगल वाट काढून देण्याची मोठी शस्त्रक्रिया किंवा त्वचेतून यकृतात नळी घालणे, एवढेच पर्याय होते. नव्या तंत्राने रुग्णाची पुष्कळ यातायात वाचली. मात्र नळी काही महिन्यांत तुंबते, हेही लवकरच लक्षात आले.

चौथ्या घाताचा मोह

धातूचा स्टेंट सरस का, याचे एक स्पष्टीकरण विज्ञानाच्या विद्यार्थ्याला लगेच पटते. नेहमीच्या वापरातील मोठ्या प्लास्टिक स्टेंटचा बाहेरचा व्यास सुमारे ३.३ मि.मी. असतो आणि आतला त्याहून कमी, सुमारे २.४ मि.मी. धातूची जाळी उघडल्यावर १० मि.मी. रुंद होते. प्वासइच्या नियमानुसार नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दाब तोच ठेवला, तर धातूच्या स्टेंटमधून सुमारे ३०० पट पित्त वाहू शकेल. आकडा डोळे दिपवणारा आहे, गणितही अचूक आहे. निष्कर्ष मात्र दिशाभूल करणारा आहे.

कारण ३०० पट पित्त वाहून नेण्याची गरजच कोणाला नसते. दिवसाला एक लिटर पित्त, सात सें.मी. लांबीची नळी आणि पाण्याच्या दुप्पट श्यानता धरून हिशेब केला, तर नव्या कोऱ्या प्लास्टिक स्टेंटमधून हे सर्व पित्त ढकलण्यासाठी केवळ २ पास्कलच्या आसपास दाब पुरतो. पाण्याच्या ०.२ मि.मी. उंचीच्या स्तंभाइतका हा दाब आहे. यकृत तर पाण्याच्या ३० सें.मी. स्तंभाइतक्या दाबापर्यंत पित्त स्रवू शकते. थोडक्यात, पहिल्या दिवशी दोन्ही स्टेंट सारखेच पुरेसे असतात, आणि कावीळही दोहोंनी सारखीच उतरते.

खरा फरक काळ पाडतो. नळीच्या आत सर्वत्र सारखा थर चढत गेला असे मानू. त्रिज्या निम्मी झाली की लागणारा दाब १६ पट होतो. म्हणजे पाण्याचे जेमतेम ३ मि.मी. रुग्णाला काहीच जाणवत नाही. त्रिज्या एक चतुर्थांश उरली की दाब २५६ पट, म्हणजे सुमारे ५ सें.मी. अजूनही यकृत निभावून नेते. पण त्रिज्या एक षष्ठांशावर आली की दाब सुमारे १,३०० पट, म्हणजे २६ सें.मी.च्या घरात जातो आणि यकृताची मर्यादा समोर दिसू लागते. प्रत्यक्षात गाळ सर्वत्र सारखा साचत नाही, त्यामुळे हा आकडेमोडीचा मार्ग ढोबळ आहे. पण त्यातून दिसणारे वर्तन खरे आहे. चौथा घात सुरुवातीला नळीची पडझड झाकून ठेवतो आणि शेवटी ती एकाएकी उघडी पाडतो. काल जेवलेल्या, हिंडलेल्या रुग्णाला आज थंडी वाजून ताप भरतो, तो यामुळेच. प्लास्टिक स्टेंट लक्षणांची वाट न पाहता सुमारे तीन महिन्यांनी बदलावा, या सल्ल्यामागचे तर्कशास्त्रही हेच आहे.

साय कशी धरते

नळी तुंबते कशी? निरोगी माणसात पित्तनलिकेच्या तोंडाशी स्नायूचे एक कडे असते. ते आतड्यातील जिवाणूंना वर चढू देत नाही. स्टेंट या कड्यातून आरपार जातो आणि दार कायमचे किलकिले राहते. जिवाणू नळीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट साय धरतात, हीच बायोफिल्म. त्यांची विकरे पित्तातील विरघळलेल्या बिलिरुबिनचे न विरघळणाऱ्या कॅल्शियम क्षारात रूपांतर करतात. त्यात आतड्यातून वर आलेले अन्नाचे तंतू अडकतात. पित्त वाहते सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर इतक्या संथपणे, आणि त्याचा रेनॉल्ड्स अंक एक आकडी असतो. अशा शांत प्रवाहात पृष्ठभाग खरवडून काढण्याची ताकद नसते.

अधिक गुळगुळीत प्लास्टिक वापरून पाहिले गेले, नळीची बाजूची छिद्रे काढून पाहिली गेली, प्रतिजैविकेही देऊन झाली. यातील कशानेही नळीचे आयुष्य खात्रीने वाढल्याचे दिसले नाही. उपयोग झाला तो नळी रुंद करण्याचा. मात्र दुर्बिणीच्या आतून जेवढी मावेल तेवढीच प्लास्टिकची नळी नेता येते.

ही कोंडी निटिनॉलने फोडली. निकेल व टायटेनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विकसित झाला, आणि त्याच्या नावातही त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे आहेत. हा धातू आवळला असता त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि ताण सुटताच पूर्वपदावर येते. सामान्य पोलाद जिथे कायमचे वाकेल, तिथे निटिनॉल ७-८ टक्क्यांपर्यंतची विकृतीही परतवून लावतो. म्हणून १० मि.मी.ची जाळी तीन मिलिमीटरहून बारीक नळीत कोंबून अडथळ्यापर्यंत नेता येते आणि तिथे सोडल्यावर ती स्वतःच्या बळाने उमलते.

पण जाळीला भोके असतात, आणि कर्करोग त्या भोकांतून आत वाढतो. काही आठवड्यांत ऊतींनी वेढलेली उघडी जाळी सहसा काढताही येत नाही. यावर उपाय म्हणून जाळीवर सिलिकॉन किंवा तत्सम पडदा चढवला गेला. गाठ आत शिरणे थांबले, स्टेंट काढणेही शक्य झाले. पण ऊतींची पकड नसल्यामुळे तो जागेवरून घसरू लागला. शिवाय पडद्याने पित्ताशयाच्या वाटेचे तोंड झाकले, तर पित्ताशयाला सूज येण्याचा धोका असतो. एक दोष घालवताना दुसरा पदरात पडावा, असे हे अभियांत्रिकीचे जुनेच दुखणे.

पुरावा काय सांगतो

१९९२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने १०५ रुग्णांची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. पित्तनलिकेच्या खालच्या भागातील अडथळ्यात धातूचा स्टेंट मोकळा राहण्याचा मध्यक काळ २७३ दिवस होता, तर प्लास्टिकचा १२६ दिवस. रुग्णांच्या जगण्याच्या मध्यक काळात, म्हणजे १४९ दिवसांत, मात्र फरक पडला नाही.

हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. कोणत्याही स्टेंटने आयुष्य वाढले नाही, असे म्हणून धातूचा स्टेंट ही चैन ठरवणे सोपे आहे. परंतु प्लास्टिकचे १२६ दिवस जगण्याच्या १४९ दिवसांहून कमी आहेत आणि धातूचे २७३ दिवस त्याहून पुष्कळ अधिक. अर्थ असा की, प्लास्टिकची नळी घेतलेल्या अनेकांना उरलेल्या मोजक्या दिवसांतच पुन्हा कावीळ, ताप आणि रुग्णालय पाहावे लागते. आयुष्याची लांबी तीच राहिली. त्यातले किती दिवस घरात गेले, एवढाच फरक. एवढाच, पण रुग्णाच्या लेखी तोच सर्वांत मोठा. शिवाय नव्या औषधांमुळे जगण्याचा काळ वाढू लागला आहे, तसतशी लवकर तुंबणारी नळी अधिकच अपुरी ठरते.

पडदा असलेला स्टेंट की उघडा, या वादाचा निकाल इतका स्पष्ट नाही. जपानमधील एका चाचणीने २००४ साली पडद्याच्या बाजूने कौल दिला. स्वीडनमधील दहा रुग्णालयांत ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोहोंच्या टिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही, मात्र पडद्याचे स्टेंट अधिक घसरले. महाग ते चांगलेच, असे दुकानदारीचे गणित इथे चालत नाही.

धातूचा जयघोषही नको

धातू सर्वत्र सरस, असेही नाही. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया होऊ शकते आणि ती लवकर ठरली आहे, त्याला सरसकट स्टेंट घालणे घातक ठरू शकते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत स्वादुपिंडाच्या शीर्षभागाच्या कर्करोगासाठी थेट शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. आधी पित्ताचा निचरा करून मग शस्त्रक्रिया केलेल्यांत हेच प्रमाण ७४ टक्के होते. त्या वेळी प्लास्टिकचे स्टेंट वापरले गेले होते, हे खरे. तरी गरज नसलेला हस्तक्षेप टाळावा, हा धडा कायम आहे. तसेच गाठ कर्करोगाची आहे हे तपासणीने सिद्ध होण्यापूर्वी न काढता येणारी उघडी जाळी बसवणे अनाठायी ठरते. तिथे प्लास्टिक, किंवा काढता येणारा पडद्याचा स्टेंट, हाच शहाणपणाचा मार्ग.

आणि अडथळा यकृताच्या दाराशी असेल, तर सगळा हिशेबच बदलतो. तिथे पित्तनलिकेला डाव्या-उजव्या फांद्या फुटतात. पडद्याचा स्टेंट त्या फांद्या बुजवू शकतो. दुर्बिणीतून सोडलेला रंगद्रव ज्या फांदीत शिरतो पण निचरा होत नाही, तिथे जंतुसंसर्ग ठरलेलाच. म्हणून आधी एमआरआयने पित्तनलिकांचा नकाशा काढावा, कोणता भाग मोकळा करायचा ते ठरवावे आणि मगच नळीचा विचार करावा. पित्ताशयाचा कर्करोग बहुधा याच ठिकाणी पसरतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा ५४ रुग्णांवर केलेली यादृच्छिक चाचणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत दुर्बिणीपेक्षा त्वचेतून यकृतात सुई नेऊन केलेला निचरा अधिक यशस्वी ठरला आणि जंतुसंसर्गही कमी झाला. स्वादुपिंडाचा कर्करोग अधिक असलेल्या युरोपात हा प्रश्न तितक्या तीव्रतेने पुढे येत नाही. आपले रोग वेगळे असतील, तर त्यांची उत्तरेही आपल्यालाच शोधावी लागतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

नकाशावरचा खर्च

आता पैशाकडे. नेदरलँड्समधील १८ रुग्णालयांत २१९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की, धातूचा स्टेंट सुरुवातीला महाग पडला तरी वर्षाअखेरीस एकूण खर्चात फरक राहत नाही; कारण प्लास्टिकच्या रुग्णांना पुनःपुन्हा उपचार लागतात. हा निष्कर्ष जसाच्या तसा भारतात आणता येत नाही. तिथे डॉक्टरांचा वेळ व रुग्णालयाची खाट महाग आहे आणि त्या मानाने स्टेंट स्वस्त. आपल्या सरकारी रुग्णालयात नेमके उलट: प्रक्रिया स्वस्त, उपकरण महाग. रुग्णालयाच्या खातेवहीत त्यामुळे प्लास्टिकच फायद्याचे दिसते.

पण खातेवही रुग्णालयाच्या दाराशी संपते. पूर्णिया जिल्ह्यातील एखाद्या गावातून पाटण्यापर्यंतचे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. ईआरसीपी करू शकणारे तज्ज्ञ व यंत्रणा प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. दर तीन महिन्यांनी नळी बदलण्यासाठी आजारी बाईला गाडीत बसवून आणायचे. सोबत दोन माणसे. त्यांची बुडालेली मजुरी, धर्मशाळेतले दिवस, तारखेसाठीची रांग. यातले काहीही कोणत्याही चाचणीच्या खर्चाच्या रकान्यात नसते. आणि मध्यरात्री थंडी वाजून ताप भरला, तर हेच तीनशे किलोमीटर पैशाचे राहत नाहीत. ते तासांचे होतात, आणि त्या तासांवर जीव अवलंबून असतो. शहरात राहणाऱ्या रुग्णाला प्लास्टिकची नळी गैरसोयीची असेल. दूरच्या खेड्यातल्या रुग्णाला ती धोक्याची आहे. गरीब म्हणून ज्याला स्वस्त नळी दिली जाते, बहुधा तोच तिच्या तुंबण्याची किंमत मोजायला सर्वांत असमर्थ असतो.

म्हणूनच, वर सांगितलेले अपवाद वगळता, अडथळा खालच्या भागात असेल, निदान पक्के असेल आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर दूरवरून आलेल्या रुग्णासाठी धातूचा स्टेंट हीच सरकारी योजनांची पहिली निवड असायला हवी. ‘आयुष्य थोडे उरले आहे, मग खर्च कशाला’ हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. अगदी शेवटच्या काही आठवड्यांत पोहोचलेल्या रुग्णासाठी त्यात तथ्यही आहे. तिथे प्लास्टिकची नळी पुरेशी ठरते. परंतु किती आयुष्य उरले आहे याचा डॉक्टरांचा अंदाज पुष्कळदा चुकतो, आणि तो चुकल्याचा दंड रुग्णाला भरावा लागतो.

दुसरी गोष्ट किमतीची. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये. पित्तनलिकेच्या स्टेंटला अशी मर्यादा नाही. हृदयविकाराचे रुग्ण अधिक आणि त्यांचा आवाजही मोठा. पित्तनलिकेच्या कर्करोगाचे रुग्ण आवाज उठवण्याइतके जगतच नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने इतरांनी बोलायला हवे.

तिसरी गोष्ट संशोधनाची. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली हृदयाची झडप १९९० पासून रुग्णांत बसवली जात आहे. त्याच संस्थेने मेंदूतील रक्तवाहिनीसाठी निटिनॉलचा स्टेंट विकसित केला आणि त्यासाठीचा मिश्रधातू बंगळूरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेकडून घेतला. म्हणजे धातू आपल्याकडे आहे, तो घडवण्याचे कौशल्यही आहे. पित्तनलिकेच्या स्टेंटसाठी ते वापरण्याचा निर्णय हवा आहे. आणि भारतातील यापुढच्या प्रत्येक स्टेंट-चाचणीत एक साधा रकाना वाढवायला हवा: रुग्णाचे घर केंद्रापासून किती किलोमीटरवर आहे? वाराणसी आणि मुझफ्फरपूर येथे टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये उभी राहिल्यामुळे हे अंतर काही रुग्णांसाठी घटले आहे. नेमके किती घटले आणि त्यामुळे नळीची निवड कशी बदलावी, हे मोजणे अवघड नाही.

स्टेंटची तुलना करताना आजवर प्रामुख्याने दोन गोष्टी मोजल्या गेल्या: नळी किती दिवस मोकळी राहिली आणि रुग्ण किती दिवस जगला. या दोहोंच्या मधली गोष्ट, म्हणजे त्या दिवसांपैकी किती दिवस रुग्ण तापाविना, खाजेविना, आपल्या माणसांत राहिला, हे मोजले तर व्हरांड्यातल्या त्या प्रश्नाला ऐपतीपलीकडचे उत्तर देता येईल.